पेनसिल्वेनियाला दुसरा शब्द नाही

ड्रायर ओरडला.

आमच्या त्या दोन खोल्यांच्या घरातला ड्रायर कपडे वाळले की करडू ओरडावं तसा ओरडायचा आणि बटण दाबेपर्यंत थांबायचा नाही. एरवी मी हातातलं टाकून धावायची, कारण पाच महिन्यांची जुई त्या आवाजाने हमखास जागी व्हायची. त्या सकाळी मात्र तो ओरडला आणि मला सुटल्यासारखं झालं. त्याआधी बराच वेळ तिघांपैकी कोणीच बोललं नव्हतं.

तिघं म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर पाचोऱ्याच्या घरातले आप्पा आणि माझी धाकटी बहीण शलाका, आणि इकडे पेनसिल्वेनियात मी. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, इकडे सकाळचे आठ. आप्पांच्या मांडीवर एक छापील पत्र होतं. चष्मा कपाळावर सरकवून, पोस्टाच्या काउंटरवर विचारावं तसं त्यांनी मला विचारलं होतं,

"हेमा, तू तिथे राहतेस. तूच सांग. एक सर्कल की दोन?"

"आप्पा, ड्रायर वाजतोय. जुई उठेल. आलेच मी," असं म्हणून मी उठले.

आप्पांची सगळी नोकरी पोस्टात गेली. शेवटची नऊ वर्षं सब-पोस्टमास्तर म्हणून. टपालखात्यात राज्याला सर्कल म्हणतात, आणि आप्पांनी सगळ्या जगाची तशीच वाटणी करून टाकली होती. माझं लग्न ठरलं तेव्हा मंदार पेन स्टेटला पीएचडी करतोय हे ऐकून ते म्हणाले होते, "पेणला? गणपतीच्या पेणला पीएचडी कधीपासून व्हायला लागली?" मग मी गावाचं नाव सांगितलं, स्टेट कॉलेज.

"ते कॉलेज झालं. गाव कुठलं?"

"गावाचंच नाव स्टेट कॉलेज आहे, आप्पा."

ते म्हणाले, "म्हणजे गावाच्या जागी कॉलेज लिहायचं. कठीण आहे त्या पोस्टमनचं."

शलाका तेव्हा तोंडावर ओढणी धरून हसली होती. ती हसताना अडखळायची नाही. गाताना नाही, मांजराशी बोलताना नाही. माणसांशी बोलताना मात्र तिला प यायचा नाही. म्हणजे यायचा, पण दारातच अडून बसायचा. ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत, मान एका बाजूला ताठ व्हायची, डोळे समोरच्यावरून निघून माझ्याकडे यायचे. मग तो शब्द मी म्हणायची. एसटीत कंडक्टर आला की "दोन पाचोरा" मी म्हणायची. स्वतःच्या गावाचं नाव तिला घेता यायचं नाही. कोणी विचारलं तर ती सांगायची, जळगावच्या अलीकडे.

मी जवळ नसले की तिच्याकडे दुसरे शब्द असायचे. पोळीला चपाती. पाचला चार आणि एक. पाऊस आला की "वरून ओततंय". पाण्याला ती जल म्हणायची. आई होती तेव्हा आई म्हणायची, "पूजेला बसलीस का ग भवाने?" आणि हसत हसत तांब्या द्यायची. आप्पांना तर ती हाकच मारायची नाही, त्या हाकेत दोन दोन प. जवळ जाऊन त्यांच्या बाहीला हात लावायची. आप्पा न बघताच म्हणायचे, "बोल, बाळ."

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि शलाका दहा. तेव्हापासून तिचा प पूर्णवेळ माझ्याकडे आला.

तिला काय शिकायचं होतं हे आता वेगळं सांगायला नको. जळगावला मानसशास्त्रात बीए करताना तिला कुठूनतरी कळलं की अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हाही एक अभ्यास असतो, अमेरिकेत तो चांगला शिकवतात. आप्पा आधी नाहीच म्हणाले. परक्या देशात, धड बोलता न येणारी पोरगी, बरोबर कोणी नाही. मग दोन दिवसांनी त्यांनी अट सांगितली.

"हेमाच्या सर्कलमध्ये मिळालं तर जा. त्याच्या बाहेर नाही. एका सर्कलमध्ये दोघी असाल तर मला झोप लागेल."

तिने दोनशे पानी वही केली. पेनसिल्वेनियातली सगळी कॉलेजं, सगळी विद्यापीठं, एका पानाला एक. अर्जाची तारीख, कुठले कागद, माझ्या घरापासून किती लांब. फोनवर मला पानं वाचून दाखवायची. डोंगरातलं एक, नदीकाठचं एक, फक्त मुलींचं एक. राज्याचं नाव ती कधीच घ्यायची नाही. "तुझं राज्य" म्हणायची. "ताई, तुझ्या राज्यात केवढी कॉलेजं आहेत ग. आणि तू त्यातल्या एकातही नाहीस, कमाल आहे."

ती सहज म्हणाली होती. मी विषय बदलला.

मार्चमध्ये नकार यायला लागले. चार, पाच, सहा. एका ठिकाणी मुलाखतीत तिला विद्यापीठाचंच नाव घेता आलं नाही. शेवटी एकच होकार आला, फीमाफीसकट, आणि तिथल्या एका बाईंनी खाली हाताने लिहिलं होतं की तुझ्यासारखीच मुलगी आम्हाला हवी आहे. ते पत्र म्हणजे आप्पांच्या मांडीवरचं ते पत्र. त्याच्या माथ्यावर विद्यापीठाचं नाव होतं, इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्वेनिया.

"यात दोन राज्यांची नावं आहेत," आप्पा म्हणाले होते. "इंडियाना मी नकाशात बघितलंय, मधे ओहायो लागतं. असलं पाकीट आलं तर आम्ही त्याच्यावर लाल शाईने 'पत्ता अपुरा' लिहून परत पाठवायचो. हे इंडियानावाल्यांचं विद्यापीठ दिसतं. शाखा तुमच्याकडे असेल, पोरींना नेत असतील तिकडे."

शलाकाने मान हलवली. नाही, नाही. ती त्यांच्याजवळ सरकली, बाहीला हात लावला. "ते गाव आहे," ती म्हणाली. "इंडियाना गाव. गाव आहे ते, प…"

ओठ मिटले.

"कशातलं गाव? 'ताईचं राज्य' पत्त्यावर चालत नाही, नाव सांग, बाळ."

"प…"

आप्पांनी वाट बघितली. ते कधीच तिला रागावायचे नाहीत. पण किती वाट बघणार? त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला विचारलं. एक सर्कल की दोन. आणि शलाकाने पडद्यातून माझ्याकडे बघितलं, एसटीत बघायची तसं. आणि मग ड्रायर ओरडला.

ड्रायर न्हाणीघराशेजारच्या कपाटात होता. मी बटण दाबलं. जुई उठली नव्हती. आता परत जायला हवं होतं. मी दार उघडून कपडे बाहेर काढायला लागले. गरम होते. जुईचे मोजे माझ्या अंगठ्याएवढे. मी एकेक मोजा शोधून त्याची जोडी लावत बसले, कपाटासमोर जमिनीवर, जणू कोणी मला तेच काम सांगितलं होतं.

बाहेरच्या खोलीतून शलाकाचा आवाज येत होता. ती पुन्हा प्रयत्न करत होती. शब्द नव्हता तो, नुसता ओठांचा आवाज, पाण्यात बुडबुडा फुटावा तसा. प. प. मग श्वास. मग पुन्हा. आणि आप्पांचं, "राहू दे, बाळ. दम लागेल. ताई येतेय ना."

मी सहा जोड्या लावल्या.

त्या कपाटाच्या खुंटीवर माझी पिशवी लटकलेली असायची. तिच्या बाहेरच्या कप्प्यात लायब्ररीचं कार्ड होतं. मंदारच्या कार्डावर त्याचा विषय लिहिलेला होता. माझ्या कार्डावर त्याच जागी 'स्पाउस' असं छापलं होतं. मी एमएस्सीला विद्यापीठात दुसरी आले होते. मंदारच्या शिक्षणावर मिळालेल्या माझ्या व्हिसावर मला तिथे पदवीला बसता येत नव्हतं. कॉलेज नावाच्या गावात राहून मी कॉलेजला जाणाऱ्या पोरी खिडकीतून बघायची, बाबागाडी ढकलत त्यांच्या मधून वाट काढायची. त्या "सॉरी मॅम" म्हणून बाजूला व्हायच्या. त्यांच्याहून मी पाच-सहा वर्षांनीच मोठी होते.

मी मोजे पोटाशी धरून परत आले आणि पडद्यासमोर बसले.

"उठली का जुई?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग सांग. एक की दोन?"

"दोन," मी म्हणाले.

आप्पांनी पत्राची घडी घातली, पोस्टातली माणसं घालतात तशी, तीन ठिकाणी, नखाने दाबून. "तरी मला वाटलंच," ते म्हणाले. "बरं झालं तू आहेस तिथे. नाहीतर पोरगी भलत्याच सर्कलला गेली असती."

शलाका माझ्याकडेच बघत होती. तिचे ओठ अजून मिटलेले होते. बाकी कुठल्याही शब्दाला तिने दुसरा शब्द शोधला असता. ती त्यात हुशार होती. पण पेनसिल्वेनियाला दुसरा शब्द नाही. तिने श्वास सोडला, ओठ उघडले, आणि जो सहज येत होता तो शब्द म्हणाली.

"बरं."

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. लिहिताना ती कधी अडखळायची नाही. "ताई, तुझी चूक नाही, नावच तसलं आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ते गाव तुझ्याच राज्यात आहे, तुझ्या घरापासून एक तास पन्नास मिनिटं. मी आप्पांना फोनवर नकाशा दाखवला. ते म्हणतात नकाशाला काय कळतंय, हेमा तिथे राहते. तू एकदा सांगितलंस की ऐकतील. पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय, आठवडा आहे अजून. जुईला आणि तुला शनिवारी-रविवारी येऊन सांभाळीन, तू मस्त झोप काढ."

मी लिहिलं, "हो ग, सांगते."

त्या आठवड्यात जुईला सर्दी झाली. मंदारचा शोधनिबंध होता. घरात पाहुणे आले होते, दोनच, पण आले होते. रविवारी आप्पांचा फोन आला, तेव्हा आम्ही जुईच्या वजनाबद्दल बोललो. शलाका मागे ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. दोनदा मागे वळून बघितलं तिने. मग बघितलं नाही.

पंधरा तारीख शुक्रवारी होती.

नंतर तिने तो विषय कधी काढला नाही. ती जळगावला एका शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवायची. चित्रकलेत फार बोलावं लागत नाही, असं म्हणायची. दोन हजार अठराला मी भारतात गेले तेव्हा जुई तिला चिकटूनच असायची. दोघी दिवसभर पर्यायी शब्दांचा खेळ खेळायच्या. जुईला तो खेळच वाटायचा. एकदा दुपारी जुई झोपल्यावर शलाका माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता विचारेल. तिने माझ्या केसांत पांढरा केस शोधला आणि म्हणाली, "ताई, म्हातारी झालीस."

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात ती गेली. त्या महिन्यात किती घरांतून माणसं गेली, त्यातलं एक आमचं. विमानं बंद होती. दवाखान्यातून तिचे लेखी निरोप यायचे, मास्कमुळे फोनवर बोलता यायचं नाही. शेवटचा निरोप असा होता, "इथली नर्स नाशिकची आहे. मी जल मागितलं तर म्हणाली, ताई तुम्ही कीर्तनकार का? मला एवढं हसू आलं की ऑक्सिजन खाली गेला. ओरडा पडला."

त्याखाली मी हसरा चेहरा पाठवला. तो तिने बघितला की नाही, कळायला मार्ग नाही.

हे मी मंगळवारच्या एका तासात लिहिते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर मंगळवारी मला असा एक तास मिळतो. जुई आता साडेसात वर्षांची आहे. चार वर्षांची असल्यापासून ती अडखळते, तिचा म अडतो. मिटून बसत नाही, नुसता फिरत राहतो, म म म म. तिला बोलायला शिकवणाऱ्या मुलींकडे मी तिला घेऊन येते. बाहेर बाक आहे, खिडकीत कुंडी आहे, आणि दारावर विद्यापीठाचं नाव आहे, तेच, दोन राज्यांचं.

आमच्या गावातही असं केंद्र आहे, घरापासून दहा मिनिटांवर. मंदार विचारतो, इतक्या लांब का नेतेस? मी सांगते, तिथे चांगलं शिकवतात. शिकवतातही. पण त्यासाठी नाही.

लांब नाही ते. पहिल्या मंगळवारी मी घड्याळ लावून निघाले होते. एक तास पन्नास मिनिटं.

रस्ता मला नवीन नव्हता. जुई तीन महिन्यांची असताना आम्ही तिला पिट्सबर्गच्या देवळात नेलं होतं, तेव्हा याच बाजूने गेलो होतो. एका वळणावर हिरवी पाटी आली, इंडियाना, बाण उजवीकडे. मंदार हसायला लागला. "बघ, चुकून दुसऱ्या राज्यात आलो की काय." मग त्याने मला सांगितलं की हे इथलंच एक गाव आहे. या राज्यात कॅलिफोर्निया नावाचंही गाव आहे आणि वॉशिंग्टन नावाचंही. मी म्हणाले होते, "आप्पांना सांगायला पाहिजे, जाम हसतील."

ते फेब्रुवारीत. आप्पांनी मला विचारलं ते एप्रिलमध्ये.

आप्पा अजून पाचोऱ्यातच आहेत, एकटे. रविवारी फोन करतात. कधी कधी म्हणतात, "तिला त्या वर्षी मिळायला हवं होतं ग तुझ्या सर्कलमध्ये. एवढी कॉलेजं, एकानेही घेतलं नाही माझ्या पोरीला." मी म्हणते, "आप्पा, जेवलात का?"

जुईला शिकवणारी मुलगी हॅना, बावीस-तेवीस वर्षांची, शेवटच्या वर्षाला आहे. तिने पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं, आई-वडील प्रेमापोटी एक चूक करतात. मूल अडलं की त्याचा शब्द आपणच म्हणून टाकतात. तसं करायचं नाही. थांबायचं. तिच्या डोळ्यांत बघायचं आणि शब्द तिचा तिला म्हणू द्यायचा, कितीही वेळ लागो. "जमेल ना?" तिने विचारलं.

आयुष्यभर मी तो शब्द म्हणत आले होते. एकदाच थांबले होते.

जमेल, मी म्हणाले.

गेल्या मंगळवारी जुई बाहेर आली ती उड्या मारतच. गाडीत बसून तिने बाटली तोंडाला लावली, आणि बाटली खाली घेऊन म्हणाली, "जल संपलं." हल्ली तिला तो खेळ पुन्हा आठवलाय. मी तिला तिच्या मावशीच्या गोष्टी सांगते, सगळ्या नाही, हसण्यासारख्या.

हिरवी पाटी मागे गेली. तिने मान वळवून ती वाचली, आता तिला सगळं वाचता येतं.

"आई, आज हॅनाने विचारलं, तुमच्या घरात आणखी कोण अडखळायचं? मी सांगितलं. सगळे शब्द सांगितले. चपाती, जल, चार आणि एक. ती म्हणाली, शी वॉज सो स्मार्ट."

"होतीच."

"पेनसिल्वेनियाला काय म्हणायची?"

"त्याला दुसरा शब्द नाही, जुई."

पुढे लांबवर डोंगर दिसत होते, उतरती उन्हं होती, रस्त्याला आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ती विचार करत होती. मग तोंड उघडलं आणि म फिरायला लागला.

"मग म… म… म…"

काय येणार ते मला कळलं होतं. तिचा शब्द मी म्हणून टाकला असता तर वाक्य मला हवं तिकडे वळवता आलं असतं, मंदार म्हणता आलं असतं, मांजर म्हणता आलं असतं. मी गाडीचा वेग कमी केला. आरशात तिच्या डोळ्यांत बघितलं आणि थांबले, हॅनाने शिकवलं होतं तशी.

"म… मावशीसाठी तो शब्द कोण म्हणायचं?"